दारातून आधी शिरणारी

माझी भाची गॅरेजात टायर बदलते. सुट्टीला ती आणि तिथलेच तिघे वरच्या खोलीत बंदुकांचा ऑनलाइन खेळ खेळतात. मीही स्टूल ओढून बघत बसतो. दार फोडून आधी शिरायचं काम भाचीचं. शत्रू तिच्यावर तुटून पडतात, तिच्या चिंधड्या उडतात आणि तेवढ्यात मागचे तिघे शत्रूंना लोळवतात.

परवा त्या तिघांतल्या, गाड्या रंगवणाऱ्या पेंटरनं पडद्यावरचे आकडे दाखवले. "ताई, मारलेस चार आणि मेलीस एकोणीस वेळा! पुढच्या खेपेला मी दुसरा गडी बघतो."

"बघ. आज मी मागे थांबते."

पुढच्या डावात पेंटर आधी शिरला. गोळी त्याच्या जबड्यातून आरपार गेली. दुसऱ्याचं दारातच पोट फाटलं, तिसऱ्याच्या पाठीची चाळण झाली. भाचीनं कोपऱ्यातून दोघांना टिपलं आणि मग तीही मेली. चौघे डाव हरले.

"हिचे आकडे मात्र झकास आले," मी म्हणालो.

पेंटरनं मान खाजवली. "ताई, दार तूच घे."

नवा डाव सुरू झाला. ती शिरली, तिचं डोकं फुटलं आणि पेंटर मागून गोळ्या झाडत ओरडला, "घुसा रे, सगळे तिच्याकडेच वळलेत!"