कॅराव्हॅनचा नंबर

गुरुवार उजाडला की माझं अंग आधीच दुखायला लागायचं. लोकांना सुट्टी आली की हुरूप येतो, मला कणकण आल्यासारखं व्हायचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. दुबईत तेव्हा सुट्टी शुक्रवारची आणि गुरुवार अर्धा. दाताच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते. दुपारी तिथून सुटायचं, करामाला घरी यायचं आणि तासाभरात अख्खं स्वयंपाकघर दोन कूलर बॉक्स नि चार पिशव्यांत कोंबून समुद्रावर निघायचं. कशासाठी? तर म्हणे मजा करायला!

आमचा एक कॅम्पिंग क्लब होता. आठ-दहा मराठी कुटुंबं. नोव्हेंबर ते मार्च, हवा जरा माणसात असेपर्यंत, एक आड एक गुरुवारी उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर तंबू ठोकायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी उपटायचे. क्लब काढणाऱ्या गृहस्थांना सगळे अध्यक्ष म्हणायचे. त्यांचा काँट्रॅक्टिंगचा धंदा होता, अजमानला यार्ड होतं, आणि त्या यार्डात क्लबची शान उभी असायची: एक जुनी पांढरी कॅराव्हॅन. कुणी गोरं जोडपं कायमचं मायदेशी निघालं होतं, त्यांच्याकडून घेतलेली. अध्यक्ष ती आपल्या पिकअपला जोडून ओढत आणायचे. आत एक पलंग, एक इवलंसं सिंक, आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यायचं, एवढीच जागा. पण तिला दार होतं. खरंखुरं, आतून कडी लागणारं दार.

ही कॅराव्हॅन दर खेपेला एका जोडप्याला मिळायची, नंबर लावून. पोरंटोरं सगळी मोठ्या तंबूत, अध्यक्षीणबाईंच्या देखरेखीखाली. म्हणजे ज्याचा नंबर, त्या नवरा-बायकोला एक रात्र स्वतंत्र खोली. इतर बायकांना त्याचं कौतुक होतं ते गादीसाठी. मला हवं होतं ते दार.

कारण करामातल्या घराला दार असून नसल्यासारखं होतं. दोन बेडरूमचा फ्लॅट, एका खोलीत आम्ही तिघं आणि दुसऱ्या खोलीत रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब, फ्लॅट त्यांच्याच नावावर. त्यातल्या भाभी सोन्यासारख्या. माझी मुलगी शाळेतून आली की तिला आधी त्या जेवायला घालायच्या. पण मधली भिंत होती प्लायवूडची, आणि भाभींचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. पलीकडे मल्याळी कुटुंब असतं तर निदान पोटभर भांडता तरी आलं असतं! आम्ही वर्षानुवर्षं कुजबुजत संसार केला. आवाज चढला की हे भिंतीकडे बोट दाखवायचे आणि मी उरलेलं वाक्य गिळून टाकायची. स्वतंत्र फ्लॅट घ्यायचा विषय निघाला की भाड्याचा आकडा ऐकून हे मनातल्या मनात त्याचे रुपये करायचे, आणि विषय खलास.

आणि इकडे सांगलीला आमचं चार खोल्यांचं घर कुलूप लावून बंद. ह्यांच्या एसी कंपनीतल्या पगारातून बांधलेलं. वर्षातून एकदा जायचं, जळमटं काढायची आणि परत कुलूप घालून यायचं. मुलगी दहा वर्षांची होत आली होती. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या पट्ट्यात तिची गादी. कपडे बदलायला बाथरूममध्ये जायची, अभ्यास पलंगावर, आणि मैत्रिणीला घरी बोलवायचं नावही काढायची नाही. एकदा मला म्हणाली, "ममा, व्हेअर डू आय कीप माय थिंग्ज?" मी म्हटलं, काय ठेवायचंय तुला? तर म्हणाली, "नथिंग. जस्ट आस्किंग."

त्या दिवशी मी ठरवलं. शाळेचं वर्ष संपलं की मुलीला घेऊन सांगलीला जायचं. कायमचं. हे यायचे तर येवोत, नाहीतर आम्ही दोघी. फक्त ते ह्यांच्याशी नीट बसून बोलायला हवं होतं, आणि बसायचं कुठे हाच प्रश्न होता. मी विषयाच्या जवळपास आले की हे म्हणायचे, "इथे नको गं. कॅम्पला गेल्यावर बोलू."

कॅम्पला गेल्यावर! तिथे श्वास घ्यायला फुरसत कुणाला? पोचल्या पोचल्या पुरुष मंडळी तंबूच्या खुंट्या ठोकून घामाघूम व्हायची आणि मग खुर्च्या टाकून आपण किती काम केलं यावर बोलत बसायची. बायका कांदे चिरायला. तीस माणसांचा मसालेभात, वाऱ्याने विझणारा गॅस, भातात रेती, डोळ्यात रेती, डोक्याच्या भांगात रेती. मग अंताक्षरी. मग हाऊजी. आमच्या ह्यांना तिथे काय उत्साह! घरी चार शब्द बोलायची मारामार, आणि तिथे आवाज लावून आकडे पुकारायचे, नकला करायचे, सगळ्यांना हसवून बेजार करायचे. मी लांबून बघत राहायची. हा माणूस करामात कुठे जातो, असं वाटायचं.

एकदा तंबूत बोलून बघितलं. हळूच, अगदी कानाशी. "मला परत जायचंय," एवढंच म्हणाले असेन. हे झोपेतच "बघू, इन्शाल्ला" म्हणाले आणि कूस बदलली. सकाळी शेजारच्या तंबूतली बाई आल्याचा चहा घेऊन आली, माझा हात दाबला आणि म्हणाली, "होतं असं. नका मनाला लावून घेऊ." तंबू म्हणजे शेवटी कापडच. त्यानंतर कानाला खडा.

उरली कॅराव्हॅन. आमचा नंबर फेब्रुवारीत होता. मी नोव्हेंबरपासून वाट बघत होते.

क्लबाचा एक नियम इथे सांगायलाच हवा. क्लब फक्त फॅमिलीवाल्यांचा होता. तिकडे फॅमिली म्हणजे ज्याची बायको तिथे आहे तो. ज्याची बायको गावी, तो चार पोरांचा बाप असला तरी बॅचलर. त्याला खोली वेगळी, बिल्डिंग वेगळी, बागेत जायचा वारसुद्धा वेगळा. आमच्यातल्या एकाची बायको बाळंतपणाला पुण्याला गेली, तर अध्यक्षांनी त्याला हसत हसत सांगितलं होतं, "वहिनी आल्या की या हो परत!" सगळे हसले होते. मीही हसले. तोही हसला होता, आणि नंतर तीन महिने दिसला नव्हता.

फेब्रुवारीतला तो गुरुवार आला. मी सगळं मनात लावून ठेवलं होतं. आधी मुलीचं सांगायचं, मग घराचं, मग माझं. रडायचं नाही, ओरडायचं नाही. सांगलीच्या शाळेत चौकशीही करून ठेवली होती. त्या दिवशी कूलर बॉक्स उचलताना पहिल्यांदाच माझी पाठ दुखली नाही.

किनाऱ्यावर पोचलो तर क्लबातल्या एका तरुण जोडप्याबरोबर त्यातल्या नवऱ्याचे वडील आलेले. साताऱ्याहून व्हिजिटवर. गुडघे धरून धरून चालत होते बिचारे. सगळे जमल्यावर आमचे हे उभे राहिले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "काका तंबूत कसे झोपणार? आमचा नंबर आहे ना, कॅराव्हॅन काकांना. आम्हाला काय, आम्ही रेतीवरचे उंट!"

टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनी पाठ थोपटली. काका हात जोडून "नको हो, नको" म्हणत होते आणि मीच पुढे होऊन "अहो, संकोच कसला" म्हणत त्यांची बॅग उचलून आत नेली. दुसरं काय करणार होते? पलंगावर नवी चादर घातली होती कुणीतरी. काकांची औषधं सिंकच्या कडेला नीट लावून दिली, बाहेर आले आणि कांदे चिरायला बसले. त्या दिवशी मी सगळ्यांचे कांदे चिरले. डोळ्यांतून पाणी का येतंय, असं कुणी विचारायला नको.

त्या रात्री हे नकला करत होते, मी बघितलं नाही. शुक्रवारी सकाळी पोहे वाढताना ह्यांच्या डिशवर लिंबू ठेवलं नाही. कळलं ह्यांना.

दुपारी बर्फ संपला. हे किल्ली घेऊन पेट्रोल पंपावर निघाले. मुलगी इतर पोरांबरोबर पाण्यात होती. मी हातातला झारा शेजारच्या बाईकडे दिला आणि जाऊन गाडीत बसले. पंपावर बर्फाच्या पिशव्या डिकीत टाकून हे परत आत बसले आणि गाडी चालू करणार तोच मी म्हटलं, "काका येणार हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"हो."

"मग मला सांगता आलं नाही? मी चार महिने त्या एका रात्रीची वाट बघतेय. मला बोलायचं होतं तुमच्याशी."

"मला माहीत आहे तुला काय बोलायचंय," हे म्हणाले. "म्हणूनच दिली मी कॅराव्हॅन."

ह्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"तुझ्या पर्समध्ये सांगलीच्या शाळेची माहिती आहे. सुट्टे पैसे घेताना दिसली. तुझं सगळं बरोबर आहे गं. पोरीचे हाल होतायत, तुझे होतायत. तू एकदा समोर बसून बोललीस की मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून बसतच नव्हतो."

"मग तुम्हीही चला."

"तिकडे येऊन काय करू? या वयात एसी दुरुस्तीचं दुकान टाकू? कोण देणार काम?" मग म्हणाले, "लग्नाआधी मी सहा वर्षं देराला बेडस्पेसवर काढली. एका खोलीत आठजण. आपलं म्हणजे काय, तर एक पलंग. तू आलीस तेव्हा कुठे मी माणसात आलो. तू गेलीस की ही खोली जाणार. भाभी फॅमिलीलाच देणार, त्यांचंही बरोबर आहे. हा क्लब जाणार. मला परत बॅचलर व्हायचं नाही गं."

ह्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं. तेव्हाही धड रडले नाहीत, नुसती हनुवटी हलली. पंपावरचा माणूस काचेवर टकटक करून "यल्ला, यल्ला" म्हणत गाडी पुढे घ्यायला सांगत होता. मागे रांग लागली होती. एवढी लावून ठेवलेली माझी वाक्यं, त्यातलं एक उपयोगाचं उरलं नाही. भांडायला आले होते, आणि भांडायला समोर कुणीच नव्हतं. मला एवढा थकवा आला की वाटलं, जाऊ दे, राहू या असंच. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा निम्मा बर्फ वितळला होता आणि मुलगी ओल्या कपड्यांनी, टॉवेल पांघरून, पोरांपासून लांब एकटीच कपडे बदलायला आडोसा शोधत फिरत होती.

हे तिच्याकडे बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनची तिकिटं बघतो."

जूनमध्ये आम्ही दोघी सांगलीला आलो. मुलीला तिची खोली दिली, तिने आठवडाभर कुणाला आत येऊ दिलं नाही. मला पहिले काही महिने मोठ्याने बोलायची चोरी वाटायची, मग सवय झाली. हे करामाची खोली सोडून परत देराला बेडस्पेसवर गेले, फोनवर सगळं छान आहे म्हणायचे. अध्यक्षांनी नियम बाजूला ठेवून बोलावलं होतं म्हणे, हेच गेले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात हे सुट्टीवर आले. मी ह्यांच्यासाठी कपाटाचे दोन खण रिकामे करून ठेवले होते. ते रिकामेच राहिले. कपडे बॅगेतच, बॅग पलंगाखाली. जेवण झालं की हे आपलं ताट स्वतः घासायचे, पुसायचे आणि ओट्याच्या कोपऱ्यात वेगळं उभं करून ठेवायचे. आंघोळ करून आले की साबण डबीत आणि डबी परत बॅगेत. आठवडाभर मी बघितलं आणि मग राहवलं नाही.

"अहो, घर तुमचं आहे," मी म्हटलं. "साबण राहू द्या की बाथरूममध्ये. इथे कोण घेणारे?"

हे डबी हातात धरून थांबले. "अरे हो की," म्हणाले, स्वतःशीच हसले, आणि खाली वाकून, बॅगेची चेन उघडून, डबी आत ठेवली.