तिसऱ्या 'का'पाशी थांबलेला ज्योतीराम

माझा नवरा ज्योतीराम चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्टवर ओरखडा दिसला की तो कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला पडला हे शोधायचं, हे त्याचं काम. हुशार माणूस, नाही म्हणत नाही मी. पण या दसऱ्यापासून त्याच्या हुशारीचा मला वीट आलाय.

मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये अर्धा हॉल त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीनं अडवलाय. त्यात मासे आणि जिवंत प्रवाळ, तो म्हणतो 'कोरल'. जांभळे, हिरवे, दिसायला सुंदरच. पण घरभर मिठाचे डाग, बादल्या, नळ्या, आणि तो वास! माझा वाढदिवस विसरेल, पाण्यातलं मीठ मोजायला विसरणार नाही.

दसरा झाला आणि दोन-तीन दिवसांत कोरल पांढरेफटक पडले. ज्योतीरामच्या घशाखाली घास उतरेना. पाणी तपासलं, मीठ तपासलं, तापमान तपासलं. सगळं बरोबर. मग त्यानं फ्रिजवर कागद चिकटवला. कंपनीत यांची पद्धत आहे, पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला खरं कारण हाती लागतं म्हणे.

रंग का गेला? पाण्यात काहीतरी पडलं. का पडलं? टाकीजवळ कोणीतरी काहीतरी वापरलं. का वापरलं? शालनबाई फिनेलनं फरशी पुसते.

झालं! पुढचे दोन 'का' तसेच कोरे राहिले, कारण कामवाली सापडली होती.

शालनबाई कुरुळीहून सहा आसनी रिक्षानं यायची. आमच्या सोसायटीत पाच घरं करायची. "दादा, टाकीच्या अंगाला मी फिनेल लावतच न्हाई ओ. साध्या पाण्यानं पुसते. ताईंना इचारा की," ती काकुळतीला येऊन म्हणाली. मीही तेच सांगितलं. ऐकतोय कोण! तिला काढलं ते काढलं, वर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'शालनबाईंच्या निष्काळजीपणामुळे आमचं मोठं नुकसान झालं. सर्वांनी सावध राहावं.' आठवड्याभरात तिची बाकीची चारही घरं सुटली.

माझ्या जिवाला चैन पडेना. एका दुपारी टाकीसमोर बसले. मी काही क्वालिटीची नाही, पण डोळे आहेत मला. खडकाच्या सावलीतले कोरल जांभळेच्या जांभळे होते. पांढरे पडले होते ते फक्त टाकीवरच्या दिव्याच्या थेट खालचे. मासे मजेत फिरत होते. फिनेल काय असं निवडून निवडून मारतं?

तो कामावरून आल्या आल्या विचारलं, "खंडेनवमीला दिव्याची काच कोणी धुतली रे?"

त्यानंच धुतली होती. कंपनीत मशिनी घासूनपुसून पूजा करतात, तशी यानं घरी पाने-स्क्रूड्रायव्हर धुतले, ड्रिल पुसलं, दुचाकी धुतली आणि मिठाच्या थरानं धुरकटलेली दिव्याची काच लिंबू लावून लख्ख केली. वर हळदकुंकू वाहिलं. वर्षभर मंद उजेडात राहिलेल्या कोरलवर एकदम दुप्पट उजेड पडला आणि ते होरपळले.

त्यानं दिवा निम्म्यावर आणला. महिन्या-दीड महिन्यात रंग परतू लागला. स्वारी खूश! ग्रुपवर लिहिलं, 'कोरल सुधारत आहेत. कारण सापडलं, प्रकाश जास्त होता. सर्वांचे आभार.' सत्तावीस अंगठे आले.

"यात शालनबाईचं नाव कुठंय?" मी विचारलं.

"अगं, बोलव ना तिला उद्यापासून."

"आणि बाकीची चार घरं?"

"उगाच विषय कशाला वाढवतेस?"

शी! मला शिसारी आली त्याची. खरंच सांगते, त्या रात्री त्याला वाढायचीही इच्छा होईना. मीच फोन घेतला आणि लिहिलं, 'शालनबाईंनी काहीही केलं नव्हतं. दिव्याची काच माझ्या नवऱ्यानं धुतली होती. कृपा करून त्यांना परत कामावर घ्या.'

सगळ्यांनी वाचलं. कोणी एक शब्द लिहिला नाही.

सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची विजयश्री भेटली. तिच्याकडेही शालनबाई चार वर्षं भांडी घासायची. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दिपाली, नवऱ्याची अशी चारचौघांत अब्रू काढतात का गं?" ती म्हणाली. "कामवालीच तर होती."