फक्कीने आखलेलं घर

समोरच्या मोकळ्या जागेवर सकाळी गवंड्याने चुन्याची फक्की टाकून घर आखलं. घर शेवंतामावशींचं. त्या पांढरी रेषा ओलांडून गेल्या नाहीत. जिथे दार होणार होतं, तिथूनच आत शिरल्या. स्वयंपाकघरात बसून त्यांनी हवेतच भाकरी थापली आणि म्हणाल्या, "खिडकी इथं पाहिजे. इथनं मला गोठा दिसतो."

पूर्वी याच घराचा जो नकाशा शहरातल्या नकाशेवाल्याचा शिक्का मारून आला होता, त्यात नेमकी तिथे भिंत होती. आता लहान घराला त्या शिक्क्याची सक्ती उरलेली नाही, आणि मला त्याचा आनंद लपवायचा नाही. पाया किती खोल, ते जाणत्याला जरूर विचारावं. पण विचारणं वेगळं आणि परवानगीसाठी हात जोडणं वेगळं. आपल्या चुलीपुढून काय दिसावं, हेही परक्याने ठरवायचं?

माझा भाऊ शहरात घरांचे नकाशे काढतो आणि त्यांवर असाच शिक्का मारतो. तो कुंपणावरून म्हणाला, "मावशी, उद्या घर पडलं तर?"

"माझ्याच डोक्यावर पडंल ना? मग माझ्यापेक्षा जास्त काळजी तुझा शिक्का घेणार व्हय रे?"

एवढं बोलून मावशी उठल्या आणि दारातूनच बाहेर आल्या.