‘अल्पशा आजाराने’ म्हणजे नेमकं कशाने?

आज सकाळी फलटणजवळ आमच्या गावात वडिलांचा दहावा होता. श्रद्धांजलीच्या भाषणांत जो तो एकच म्हणत होता, "आप्पा अल्पशा आजारानं गेले."

दोन वर्षं माणूस कण्हत होता, तो आजार अल्पसा? मी उठले, माईक घेतला. "माझे वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले."

धाकटे चुलते तात्या ओरडले, "आगं, खाली बस! बाईमाणसानं असलं बोलायचं व्हय? सोयरेधायरे बसल्यात हितं."

नाही बसले. डॉक्टरांकडून कळलेलं सगळं सांगितलं. आई-बापाकडून जनुकांतले बारीक बारीक बदल आपल्यात येतात. एकेकटा किरकोळ असतो, पण बरेच एकत्र आले की धोका वाढतो. कॅन्सर होतोच असं नाही, पण घरात कुणाला झाला असेल तर बाकीच्यांनी वेळेत डॉक्टरांना विचारायलाच हवं.

"आणि हे बदल लेकींकडूनही पुढं जातात. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, ती मला नाही, पण दोन मुलगे आहेत. मग मी नाही बोलायचं तर कुणी?"



नंतर चहाच्या वेळी तात्या शेजारी येऊन पुटपुटले, "पोरी, मला बी लघवीला लय तरास हुतोय. कुटं दाखवायचं गं?"

मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उद्या सकाळी तयार राहा तात्या, मी नेते."

तुमच्या घरातलं कोण कोण ‘अल्पशा आजारानं’ गेलं? आजच विचारा, नेमकं कशानं. लाजून गप्प बसायला आमच्या घरात आता जागा नाही.