अप्पांच्या समोरची बाज

मी कोल्हारला जाते ती अर्धा किलो कॉफी आणायला. परत येते तेव्हा पिशवीत अर्धा किलो कॉफी असते आणि डोक्यात किमान दोन किलो किस्से! कॉफी पंधरा दिवसांत संपते. किस्से मात्र साठतच चाललेत. म्हटलं, आज थोडे बाहेर काढावेत, नाहीतर नव्यांना जागा उरायची नाही.

माझा नगरला जेवणाचे डबे पुरवायचा व्यवसाय. रविवारी डबे बंद. मग सकाळची मनमाडकडे जाणारी एसटी पकडायची आणि कोल्हारला उतरायचं. शेताच्या वाटेने दहा मिनिटं चाललं की घराआधी वास भेटतो. मागे उसाचं रान, पलीकडे प्रवरा. पत्र्याच्या शेडमध्ये चुलीवर एक लोखंडी ड्रम आडवा ठेवलेला, त्याला दांडा, आणि दांड्याशी अप्पा. ड्रम फिरतोय, आत कॉफीच्या बिया सळसळतायत, धूर उसावरून नदीकडे निघालाय. मी हातातलं घड्याळ काढून पर्समध्ये टाकते. तिथे किती वाजले हे कळून काही उपयोगच नसतो.

घरात माणसं चार. अप्पा कॉफी भाजणार. त्यांची बायको माई सगळ्यांवर ओरडणार. मुलगा बाळासाहेब मोटरसायकलवरून पाकिटं पोचवणार. आणि सून सुरेखा उरलेलं सगळं करणार! दक्षिणेकडून मागवलेल्या बिया निवडणं, दळणं, पाकिटं भरणं, सगळं. फक्त ड्रमच्या दांड्याला तिने हात लावायचा नाही. तो अप्पांचा.

*

"पण अप्पा, उसाच्या गावात कॉफी आली कुठून?" हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

अप्पांची तेव्हा रस्त्यावर चहाची टपरी होती. शिर्डीला निघालेली दक्षिणेकडची एक बस नेमकी टपरीसमोर बंद पडली. पन्नास माणसं खाली उतरली. अप्पा खूश! पटापट सगळ्यांना चहा दिला. सगळ्यांनी एकेक घोट घेतला आणि कप खाली ठेवले.

मग त्यांच्यातली एक म्हातारी उठली. टपरीत शिरली, अप्पांच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, आपल्या पिशवीतली पूड काढली आणि पन्नास जणांची कॉफी केली. एकावन्नावा कप अप्पांना दिला.

"मग?"

"मग काय? तवाच मी चहा सोडला. गिऱ्हाइकांनी मला सोडलं ते नंतर!"

*

सुरुवातीला दळायचं यंत्र नव्हतं. अप्पांनी पाच किलो भाजलेल्या बिया उचलल्या आणि थेट गावच्या पिठाच्या गिरणीत नेल्या. गिरणीवाला भला माणूस, त्याने दळून दिल्या. गिरणी झाडून घ्यायचं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुढचा नंबर कौसाबाईंच्या बाजरीचा होता.

कौसाबाईंनी भाकरी थापली. जरा जास्तच काळी दिसली, पण बाजरीच ती, असेल, म्हणून वाढली. त्यांचे म्हातारे सासरे एरवी जेवण झालं की आडवे व्हायचे. त्या दिवशी जेवले आणि अंगण झाडायला लागले. मग गोठा झाडला. ऊन उतरलं तेव्हा शेजाऱ्यांचा गोठा झाडायला निघाले!

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई तरातरा अप्पांच्या दारात. अप्पांनी आधीच हात जोडले.

"ते ऱ्हाऊ द्या," कौसाबाई म्हणाल्या. "परत कवा दळनार ते सांगा. तुमच्या मागचा नंबर माझा!"

*

अप्पांच्या शेडचा एक नियम आहे. ड्रम फिरायला लागला की कुणी बोलायचं नाही. आणि पाहुणा आला असेल तर त्याने चुलीसमोरच्या बाजेवरच बसायचं.

मला वाटायचं, काय हा आपला मान! मी त्या बाजेवर मांडी घालून बसायचे आणि डोळे अर्धवट मिटायचे. आधी ओल्या गवताचा वास येतो. मग भाजलेल्या शेंगदाण्यांचा. बिया तडतडायला लागतात आणि मग एक क्षण असा येतो की आपण कुठल्या गावात आहोत, उद्या किती डबे करायचेत, काही काही आठवत नाही. त्याच क्षणी अप्पा ड्रम चाळणीत ओतायचे. दर वेळी बरोब्बर त्याच क्षणी! मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं.

एका रविवारी मी सर्दी घेऊन गेले. बसले बाजेवर. ड्रम फिरतोय. तडतड झाली. अप्पा माझ्याकडे बघतायत, मी अप्पांकडे बघतेय. धूर काळा होत चालला, मला दिसतोय, पण नियम म्हणजे नियम. मी आपली गप्प. शेवटी माई आतून ओरडतच आल्या, "अवो, कोळसा झाला की!"

खरंच कोळसा झाला होता. अप्पा माझ्यावरच चिडले.

"ताई, तुमाला वास आला न्हाई?"

"सर्दी झालीय हो अप्पा."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!"

एवढं बोलून ते चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करत बसले.

सुरेखाने मला नदीकडे नेलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अप्पांना मोठा ताप आला, त्यात त्यांचं नाक गेलं. कशाचाच वास येत नाही. त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नाही. घरातल्या सगळ्यांना ते कळलंय, पण तसं कुणी दाखवत नाही. बिया कधी काढायच्या हे अप्पा समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावरून ओळखतात. मी नसले की गावातल्या कुणाला तरी बोलावून बाजेवर बसवतात.

म्हणजे इतके दिवस मी पाहुणी नव्हतेच. मी अप्पांचं नाक होते!

*

तो कोळसा टाकून द्यायला माझं मन होईना. घरी आणला, कुटला. शिपी आमटीचा मसाला आम्ही नगरकर तसाही काळाकुट्ट होईपर्यंत भाजतो. म्हटलं, त्यात चमचाभर ही पूड कुणाला कळणार आहे? गूळ जरा वाढवला आणि सोमवारचे डबे पाठवून दिले. दुपारी फोन वाजला. एक जुने गिऱ्हाईक अगदी आदराने विचारत होते, "ताई, आज स्वयंपाकाला दुसरं कोणी आलं होतं का?"

पुढच्या खेपेला मी तीच आमटी कोल्हारला, माईंच्या चुलीवर केली. या वेळी चांगली कॉफी घातली. सगळे एकत्र जेवायला बसलो. अप्पांनी वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "व्वा! तुपाची फोडनी काय घमघमतीय!"

आमटीत तुपाचा थेंब नव्हता. त्यांनी स्वतः भाजलेली कॉफी होती.

कुणी मान वर केली नाही. एरवी मिठावरूनही गाव गोळा करणाऱ्या माई गुपचूप उठल्या, तुपाचं भांडं आणलं आणि अप्पांच्या वाटीत चमचाभर तूप सोडलं. मला रडूच आलं. तिखट लागलं म्हणून सांगितलं.

*

पाहुण्यांच्या नाकाचा भरवसा नाही म्हणून पुढे काही दिवस माईंनी बाजेवर बाळासाहेबाला बसवलं. बाळासाहेब सज्जन माणूस, पण त्याच्या तोंडावर काही म्हणजे काही उमटत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा तो एसटीची वाट बघत उभा राहिल्यासारखा दिसतो!

अप्पा त्या तोंडाकडे बघून बघून दमले. पहिल्या दिवशी बिया कच्च्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी करपल्या. तिसऱ्या दिवशी बाळासाहेब एकदम हसला! अप्पांनी झटक्यात ड्रम ओतला. बिया अजून पिवळ्या होत्या.

"मग हसला कशाला रं?"

"मोबाईलवर जोक आल्ता."

*

त्यानंतर बाजेवर सुरेखा बसायला लागली आणि कॉफी पुन्हा पहिल्यासारखी यायला लागली.

सुरेखाचं कसब आधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती कॉफीचे लाडू करते. तीळ, शेंगदाणे, गूळ आणि वरून दोन चमचे ताजी पूड. तीळ भाजताना ती कढईकडे बघत नाही. डोळे मिटून उभी राहते, आणि वास आला की कढई खाली. एकदाही चुकत नाही. चमचा कढईत गोल फिरवत राहते, अगदी अप्पा ड्रम फिरवतात त्या चालीने.

मी म्हटलं, "अगं, तू दांडा मागून का घेत नाहीस?"

तिने वळलेला लाडू परातीत ठेवला. उन्हाची तिरीप परातीत आली होती, खिडकीतून उसाची सळसळ ऐकू येत होती.

"मागू कसा ताई? मागितला म्हंजे अप्पांचं नाक गेलंय आसं त्यांच्या तोंडावर सांगितल्यावानी हुईल. अकरा वर्सं मी त्या ड्रमकडं बगती. लई वाटतं, एकदा तरी फिरवावा. पन त्यो दांडा काढून घेतला तर त्यांच्याकडं ऱ्हायलं काय?"

यावर काहीतरी उपाय सुचेल म्हणून मी विचार करत पाच लाडू खाल्ले. उपाय सुचला नाही.

*

मागच्या महिन्यातली गोष्ट. मी नेहमीसारखी पोचले. थंडीचे दिवस, ऊन मऊ होतं. प्रवरेवरचं धुकं अजून पुरतं हललं नव्हतं. बाजेवर सुरेखा बसली होती, तिच्याशेजारी मी टेकले. अप्पांनी ड्रम फिरवायला घेतला. 

गवताचा वासही अजून सुटला नव्हता. तडतड व्हायला कितीतरी वेळ होता. पण अप्पा सुरेखाकडे टक लावून बघत होते. म्हणून मीही बघितलं. तोंडावर काही नव्हतं. मांडीवर मात्र तिची उजवी मूठ होती आणि ती मूठ ड्रमबरोबर हळूहळू फिरत होती. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं.

अप्पा एका हाताने ड्रम फिरवत फिरवतच उठले.

"ये. बस हितं."

सुरेखा जागची हलेना. मी तिला कोपराने ढोसलं. ती गेली, दांडा धरला. अप्पा येऊन तिच्या जागी बाजेवर बसले. माई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. ओरडायचं विसरून गेल्या होत्या.

ड्रम फिरत राहिला. गवत. मग शेंगदाणे. मग तडतड. सुरेखाने मान वर करून समोर बघितलं. समोर अप्पांचं तोंड. ती त्यांच्या होकाराची वाट बघत होती! आणि अप्पा नदीकडे बघत बसले होते.

तो क्षण आला. मला कळला, दारातल्या माईंना कळला. सुरेखाने पुन्हा एकदा अप्पांकडे बघितलं. अप्पा नदीकडेच. तिने डोळे मिटले आणि ड्रम ओतला.

चाळणीत बिया पसरल्या. सगळ्या एकाच रंगाच्या, एकही करपलेली नाही. धूर पत्र्याखालून सुटला आणि उसावर गेला. आम्ही तिघी अप्पांकडे बघत होतो. सुरेखाने पदराने घाम पुसला.

"अप्पा, टायमावर निघाली का?"

"मला काय इचारती?" अप्पा डाफरले. "मला कुठं वास येतोय!"