घरी बसून भरलेला तक्ता

ही गोष्ट सांगायची मी सात-आठ वर्षं टाळली. कोणी विचारलं तर नातीचं नशीब म्हणायचो. नशिबाचा यात काही संबंध नव्हता.

नात चार वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली. जालन्याला एक बाई अशा मुलांच्या आईवडिलांना शिकवायच्या, घरी रोज काय करून घ्यायचं ते. सून दर पंधरा दिवसांनी तीर्थपुरीहून एसटीनं पोरीला घेऊन जायची. पहिला धडा पाण्याचा होता. गिलास समोर धरून थांबायचं. पोरीनं बोट दाखवलं की लगेच द्यायचा, शाबासकी द्यायची. तिनं स्वतःहून मागितलं तर बाईंनी दिलेल्या तक्त्यावर बरोबरची खूण, नाहीतर गोल.

दुपारी सून कापूस वेचायला जायची, तेव्हा हे काम माझ्याकडं असायचं. मी निवृत्त तलाठी. शिवारात न जाता ओट्यावर बसून पीकपाहणी भरण्यात माझी सारी नोकरी सरली. हाही तक्ता मी तसाच भरला. पोर रडली की पाणी देऊन टाकायचं आणि सगळ्या चौकटींत बरोबर. सुनेच्या चौकटींत बहुतेक गोल असायचे. ती खरं लिहायची.

माझ्या खुणा पाहून बाईंनी पुढचा धडा दिला. आता बोट चालणार नाही, शब्द हवा. पोरीला अजून बोटही जमलं नव्हतं. ती भिंतीवर डोकं आपटू लागली.

मुलगा बायकोवर चिडला. "दादांना जमतं अन् तुला न्हाई. खोट पोरीत न्हाई, तुझ्यात हाय."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. "मामा, तुमच्याकडं खरंच मागती का ती?"

"मागती की," मी म्हणालो.

त्यानंतर मुलानं तिचं जालन्याला जाणं बंद केलं. घरात रोज भांडणं. चार महिन्यांनी सून पोरीला घेऊन मंठ्याला माहेरी गेली, ती परत आली नाही. नात अजून बोलत नाही. शिकवणं चालू राहिलं असतं तर बोलली असती का, मला माहीत नाही.

गेल्या वर्षी मंठ्याला गेलो. तू चुकली नव्हतीस, मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. सुनेनं चहा दिला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग विचारलं, "काही काम होतं का, मामा?"

"न्हाई," मी म्हणालो. "मोंढ्यात बाजाराला आल्तो, म्हणलं बघून जावं."