झोप लागेपर्यंतचे सेकंद

ऑफिसात त्याला काटेराव म्हणत. हिशेबात केसाइतकाही फरक खपवून घ्यायचा नाही, म्हणून. वृद्धाश्रमांना सेविका पुरवणाऱ्या कंपनीत तो प्रोग्रॅमर होता. कुठल्या आजी-आजोबांच्या कुठल्या कामाला किती वेळ दिला ते सेविका फोनवर लिहून पाठवत, आणि काटेरावचा प्रोग्रॅम त्या लिखाणाचे सेकंद करी. तासाला छत्तीसशेने गुणायचं, मिनिटाला साठाने, आणि बेरीज मारायची. "यात काय मोठंसं?" असं कुणी म्हटलं की तो चिडे. लोक सरळ लिहितात थोडेच! कुणी 'सव्वा तास' लिहिणार, कुणी 'पाऊणेक तास', कुणी नुसतंच '२०'. हे सगळं त्याने प्रोग्रॅमला शिकवलं होतं, आणि पोराचा पहिला नंबर आल्यासारखा त्याचा अभिमान मिरवत होता.

जे मुळीच उमगणार नाही त्याचं काय करायचं, हेही त्याने साहेबांना विचारून घेतलं होतं.

"शून्य धर," साहेब म्हणाले.

त्याने धरलं. वरच्याशी वाद घालण्याइतका तो खुळा नव्हता.

ज्यांचे सेकंद कमी भरत, त्यांच्यापुढे महिनाअखेरीस लाल खूण उमटे. दोनदा उमटली की त्या बाईने घरी बसायचं. एका महिन्यात सगळ्यांत तळाला मावशी निघाल्या. मावशी म्हणजे खुद्द काटेरावच्या वडिलांना आश्रमात सांभाळणाऱ्या. वडिलांचं एक अंग लुळं पडलेलं. आई गेल्यापासून दुपारी डोळा लागताना कुणीतरी हात धरावा लागे, नाहीतर लहान मुलासारखे घाबरायचे. मावशी हात धरून बसत आणि वेळेच्या जागी लिहीत, 'झोप लागेपर्यंत'. प्रोग्रॅमच्या लेखी, शून्य.

काटेरावच्या पायाखालची वाळू सरकली. मावशी गेल्या तर वडिलांपाशी बसणार कोण? मुलगा? तो महिन्यातून एकदा फळं ठेवून पळणारा!

तो साहेबांकडे गेला. "असं लिहिलेलं बाजूला काढू. कुणीतरी डोळ्यांनी वाचेल."

"वाचायला माणूस ठेवू? मग नाकापेक्षा मोती जड झाला की रे! तुझा प्रोग्रॅम कशाला हवा?"

म्हणून मग तो मावशींकडे गेला. साहेबांपेक्षा मावशींना बदलणं सोपं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मावशी, आकडा लिहीत जा हो."

"मी कुठं घड्याळ बघते, दादा? त्यांचा डोळा लागला की उठते."

"नोकरी जाईल तुमची."

शहाण्याला शब्दाचा मार. दुसऱ्या दिवशी मावशींनी लिहिलं, 'एक तास दहा मिनिटं'. प्रोग्रॅमने झटक्यात चार हजार दोनशे सेकंद केले. काटेराव खूश. पण दुपारी निजवायला एका माणसामागे पंधरा मिनिटं हा कंपनीचा नियम होता, आणि त्यापलीकडे गेलं की त्याच दिवशी आश्रमाला ताकिदीची सूचना जाई. तीही काटेरावनेच बसवलेली. मावशी आगीतून फुफाट्यात पडल्या. आश्रमाच्या मॅनेजरबाईंनी त्यांना बोलावून काय ते सुनावलं.

पुढच्या महिन्यात मावशींपुढे हिरवी खूण आली. काटेरावचा जीव भांड्यात पडला. ती कशी आली, हे मात्र या काटेकोर माणसाने विचारलं नाही.

एकदा तो भरदुपारी आश्रमात गेला. वडील छताकडे बघत जागेच पडले होते. मावशी पलीकडच्या खाटेपाशी उशी सारखी करत होत्या.

"मावशी, हे झोपले नाहीत अजून."

"पंधरा मिनिटं झाली ना, दादा." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "या आजी खोळंबल्यात."

त्याने स्टूल ओढलं आणि वडिलांचा हात हातात घेतला. किती वर्षांनी, ते त्यालाही आठवेना. हात कोरडा होता, हलका होता.

वडिलांनी मान वळवली. "तू किती वेळ आहेस?"

"आहे की, बाबा."

"तसं नको. नक्की सांग." लुळ्या ओठांतून शब्द सावकाश आले. "म्हणजे मी तेवढ्यात झोपायला बघतो."